प्रयोगशाळेंत पाऊल टाकण्यापूर्वीं

गेल्या वर्षीं आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील आम्हांस भेटावयास आले. मुलगी अमेरिकेंतील एका विद्यापीठांत रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षास आहे. उन्हाळ्याच्या सुटींत तेथील एका प्राध्यापकांनीं तिला आपल्या प्रयोगशाळेंत संशोधनास घेतलें, म्हणून घरीं पेढे वांटले गेले होते. परंतु पुढें तिचा जो फोन आला, त्यांत कुरकूरच फार होती. पंधरा दिवस लोटले तरी तिच्या हातीं एक परीक्षानळीहि पडली नव्हती. रोज सुरक्षिततेचे धडे, धड्यांवर परीक्षा, आणि परीक्षेनंतर कागदावर सही! “मास्तर, ही संशोधनाची जागा आहे कीं पोलीसचौकी?” असें त्या गृहस्थांनीं आम्हांस विचारलें. आम्हीं त्या वेळीं दिलेलें उत्तर घाईचें होतें. तें येथें जरा सावकाश देत आहों. कारण आमच्या शाळेंतून बाहेर पडणारीं अनेक मुलें आतां शास्त्राकडे वळत आहेत, आणि हा प्रश्न त्यांच्या आईबापांसहि पडल्यावांचून राहणार नाहीं.

शाळेंतला प्रयोग आणि संशोधनांतला प्रयोग यांत एक मोठें अंतर आहे. शाळेंतला प्रयोग पूर्वीं हजारों वेळां झालेला असतो. बाटलींतील आम्ल मुद्दाम सौम्य केलेलें असतें, आणि शेवटीं काय व्हावयाचें तें शिक्षकांस ठाऊक असतें. संशोधनांत शेवट कोणासच ठाऊक नसतो; म्हणून तर तें करावयाचें. अशा जागीं पदवीहि न मिळालेला विद्यार्थी जातो. त्याचें ज्ञान दोन वर्षांचें, मुक्काम दोनतीन महिन्यांचा, आणि प्राध्यापकांच्या नजरेंत भरण्याची उत्कंठा मात्र फार. “हें मला येत नाहीं” असें म्हणण्याची त्यास लाज वाटते, आणि धोका बहुधा येथूनच सुरू होतो.

कॅलिफोर्नियाच्या लॉस एंजेलिस येथील विद्यापीठांत २९ डिसेंबर २००८ रोजीं घडलेली गोष्ट पाहा. २३ वर्षांची एक संशोधन-सहाय्यक मुलगी नाताळच्या सुटींत काम करीत होती. हवा लागतांच आपोआप पेट घेणारा एक द्रव ती प्लॅस्टिकच्या पिचकारीनें एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत घेत होती. पिचकारीचा दट्ट्या निसटून बाहेर आला, द्रव सांडला आणि भडका उडाला. अंगावर प्रयोगशाळेचा झगा नव्हता. होता तो कृत्रिम धाग्याचा स्वेटर. अठरा दिवसांनीं, १६ जानेवारी २००९ रोजीं ती मरण पावली. दुःखाची गोष्ट ही कीं, त्याच प्रयोगशाळेची तपासणी ऑक्टोबर २००८ मध्यें झाली होती, आणि झगे घातले जात नाहींत असा शेरा तपासनीसांनीं मारला होता. शेरा कागदावर होता. झगा अंगावर आला नाहीं. पुढें सरकारी खात्यानें विद्यापीठास ३१,८७५ डॉलर दंड केला, फौजदारी खटलाहि उभा राहिला, आणि २०१२ सालीं विद्यापीठानें आपल्या प्रयोगशाळांची व्यवस्था सुधारण्याचें कबूल केलें.

दुसरी गोष्ट येल विद्यापीठांतील आहे, आणि ती पदवीच्या शेवटच्या वर्षांतील मुलीची आहे. एप्रिल २०११ मध्यें ही २२ वर्षांची विद्यार्थिनी रात्रीं उशिरां तळघरांतल्या यंत्रशाळेंत लेथवर एकटीच काम करीत होती. तिचे केंस फिरत्या यंत्रांत अडकले. यंत्र थांबविणारें दुसरें कोणी तेथें नव्हतें. यंत्र चालविण्याचें शिक्षण तिनें घेतलेलें होतें! त्यानंतर विद्यापीठानें असे निर्बंध घातले कीं, पदवीपूर्व विद्यार्थ्यांस यंत्रशाळा ठराविक वेळींच खुली राहावी, आणि देखरेख करणारें माणूस तेथें हजर असावें.

या दोन प्रसंगांत कायद्याच्या दृष्टीनें एक फरक आहे, तो पालकांनीं नीट समजून घ्यावा. पहिली मुलगी पगारी नोकर होती. म्हणून कामगारांच्या सुरक्षिततेचें खातें तेथें पोहोंचलें, दंड झाला आणि खटला झाला. दुसरी विद्यार्थिनी होती. यंत्रास आवश्यक तें आवरण नव्हतें असें केंद्रीय खात्याच्या निरीक्षकांनीं लिहिलें. विद्यापीठानें त्या निष्कर्षांस हरकत घेतली. परंतु ती नोकर नसल्यामुळें हा विषय आपल्या अधिकाराबाहेरचा आहे, असेंहि त्या खात्यास म्हणावें लागलें. अमेरिकेंत प्रयोगशाळांसाठीं १९९० सालापासून स्वतंत्र नियम आहेत. पण ते नोकरांच्या रक्षणासाठीं आहेत. पगार न घेतां शिकावयास आलेल्या मुलाचा भार विद्यापीठानें आणि प्राध्यापकांनींच उचलावयाचा असतो. त्या पंधरा दिवसांच्या धड्यांचें एक कारण हें आहे.

धड्यांत शिकवितात तरी काय? पुष्कळसें अगदीं साधें असतें. डोळ्यांत कांहीं उडालें तर डोळे धुण्याचें नळकांडें कोठें आहे आणि निदान पंधरा मिनिटें पाणी कसें सोडावयाचें. अंगावर भडका आला तर पाण्याचा फवारा किती पावलांवर आहे. वायूचें नळकांडें साखळीनें कां बांधावें. प्रत्येक रसायनाबरोबर सोळा कलमांचें माहितीपत्रक येतें, तें वाचावयास शिकवितात. आमच्या मतें या सर्वांत उपयोगाचें हेंच. पण मुलें तें शेवटचें पान उलटून सही करण्यापुरतेंच पाहतात, अशीहि आमची खात्री आहे.

नियम तोंडींच राहिला तर काय होतें, हें टेक्सास टेक विद्यापीठांत दिसलें. तेथें स्फोटक संयुगांवर काम चालू होतें, आणि एका वेळीं १०० मिलिग्रॅमपेक्षां अधिक पदार्थ करूं नये असें विद्यार्थ्यांस सांगितलेलें होतें. पण लेखी कांहीं नव्हतें. ७ जानेवारी २०१० रोजीं दोघां पदव्युत्तर विद्यार्थ्यांनीं जवळजवळ १० ग्रॅम, म्हणजे शंभरपट पदार्थ केला. द्रवांत भिजलेला असतां तो फुटत नाहीं, अशी त्यांची समजूत होती. त्यांतील एकानें खलांत तो घोटला, संरक्षक चष्मा काढून ठेवला, आणि मग एकदां शेवटचें ढवळावें म्हणून परत फिरला. त्याचीं तीन बोटें गेलीं आणि एका डोळ्यास भारी इजा झाली.

नियम पाळूनहि घात झाल्याचें उदाहरण आहे. डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापिका कॅरेन वेटरहान या विषारी धातूंच्या अभ्यासांत निष्णात होत्या. १४ ऑगस्ट १९९६ रोजीं डायमेथिल पाऱ्याचे कांहीं थेंब त्यांच्या हातमोज्यावर पडले. मोजे लेटेक्सचे होते, आणि तेव्हांच्या समजुतीप्रमाणें पुरेसे होते. कित्येक महिन्यांनीं चालतांना तोल जाऊं लागला, बोलणें अडखळूं लागलें; ८ जून १९९७ रोजीं त्या वारल्या. मागाहून परीक्षा केली तेव्हां कळलें कीं, तो द्रव लेटेक्समधून पंधरा सेकंदांच्या आंत पार होतो. आज जो विद्यार्थी विशिष्ट पदार्थासाठीं विशिष्ट मोजा निवडावयास शिकतो, त्याच्या धड्यामागें ही बाई आहे.

हीं सारीं परदेशचीं उदाहरणें झालीं; पण ५ डिसेंबर २०१८ रोजीं बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतहि स्फोट होऊन एक संशोधक मृत्यु पावला व तिघे जखमी झाले. आमचें स्वतःचें सांगावयाचें तर, कॉलेजांत असतांना आम्ही सर्वच पिपेट तोंडानें ओढीत असूं. एकदां आम्ल जिभेस लागलें. चूळ भरली, मित्र हंसले, आणि दुसऱ्या दिवशीं पुनः तसेंच सुरू झालें. आम्हांस कोणीं थांबविलें नाहीं, आणि आम्हींहि कोणास थांबविलें नाहीं.

या शिक्षणाचा आणखी एक भाग आहे: माणसांवर किंवा जनावरांवर प्रयोग करण्यापूर्वीं परवानगी घेणें, आणि नोंदवहींत खोटें न लिहिणें. टस्कीगी येथें १९३२ पासून १९७२ पर्यंत शेंकडों गरीब काळ्या पुरुषांचा उपदंश उपचारावांचून नुसता पाहिला गेला. तें उघडकीस आल्यावर १९७४ सालीं अमेरिकेंत त्याविषयीं कायदा झाला. २०१० पासून तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या पैशांवर संशोधन करणाऱ्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांसहि सचोटीचें शिक्षण देणें विद्यापीठांस बंधनकारक आहे.

त्या गृहस्थांस आम्हीं शेवटीं एवढेंच सांगितलें कीं, धडे किती झाले हें मुलीस विचारूं नका. रात्रीं तुझ्याबरोबर खोलींत कोण असतें, आणि तुझें चुकत असतां “थांब” असें म्हणण्याची त्यास मुभा आहे काय, हें विचारा. आठ दिवसांनीं ते पुन्हां आले. मुलीनें कळविलें होतें कीं, सायंकाळीं सहानंतर तिच्या कार्डानें प्रयोगशाळेचें दार उघडतच नाहीं, आणि त्याबद्दलहि ती रुसलेली होती. वडील मात्र त्या दिवशीं चहा घेऊन, बराच वेळ बसून गेले.