सरकी काढणारं यंत्र

थोर शोधांची यादी चाक, छपाई आणि विजेवर संपते. माझ्या मते तिच्यात कापसातली सरकी काढणारं यंत्र हवंच, आणि त्यासाठी वऱ्हाडातल्या खामगावच्या कापूस बाजाराकडे पाहावं. कापूस सरकीला घट्ट चिकटलेला असतो. ती निघाल्याशिवाय ना सूत, ना गाठी. आपल्याकडे हे काम शतकानुशतकं हातचरकीवर चाले: दोन रूळ रुई ओढून घेत, सरकी मागे राही. १७९४ मध्ये अमेरिकेत एली व्हिटनीला दातेरी यंत्राचं पेटंट मिळालं. १८४० मधलं मॅकार्थीचं रूळ-पात्याचं यंत्र मला अधिक मोलाचं वाटतं, कारण ते धागा कमी तोडतं.

खामगाव रेल्वेनं वाढवलं, यंत्रानं नव्हे, असं कुणी म्हणेल. १८७० मध्ये जलंबहून फाटा आला तो कापसासाठीच, हे खरं. पण कापसाचं जवळपास दोन-तृतीयांश वजन सरकीचंच. ते साता समुद्रापार नेणं कुणाला परवडणार? दुसरा आक्षेप जड आहे: याच यंत्रामुळे अमेरिकेत गुलामगिरी फोफावली. १७९० मध्ये सात लाखांच्या आसपास असलेले गुलाम १८६० पर्यंत चाळीस लाखांजवळ पोचले. हे नाकारताच येत नाही. मी इथे महत्त्व मोजतोय, भलेपणा नाही. त्याच गुलामगिरीवरून १८६१ मध्ये युद्ध पेटलं, अमेरिकी कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या वऱ्हाडाच्या कापसाकडे वळल्या.