विदुरनीती : उपदेशकाच्या जबाबदारीची मर्यादा

महाभारताच्या उद्योगपर्वात झोप उडालेला धृतराष्ट्र रात्री विदुराला बोलावतो. पांडवांना त्यांचे राज्य परत द्यावे, असे विदुर स्पष्टपणे सांगतो. धृतराष्ट्राला ते पटतेही. परंतु दुर्योधन भेटताच आपली बुद्धी फिरते, अशी कबुली तो देतो. युद्ध टळत नाही. यात विदुराचा दोष मानावा काय?

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. योग्य वेळी सत्य सांगणे हे उपदेशकाचे कर्तव्य; त्याप्रमाणे वागणे हा ऐकणाऱ्याचा निर्णय. त्या निर्णयाचा दोष स्वतःकडे घेणे म्हणजे त्याचे स्वातंत्र्यच नाकारणे होय. मात्र दोषमुक्ती म्हणजे अलिप्तता नव्हे. युद्धानंतर पुत्रशोकाने खचलेल्या धृतराष्ट्राचे सांत्वन करण्यास विदुरच पुढे येतो.