वाकडे दात : कोणत्या वयात कोणता उपचार?

६ ते १० वर्षे : दुधाचे व कायमचे दात एकत्र असलेल्या या काळात अंगठा चोखण्याची सवय मोडणे आणि किडीमुळे अकाली गेलेल्या दुधाच्या दाढेची जागा स्पेस मेंटेनर या तारेच्या साधनाने राखून ठेवणे, हे उपचार महत्त्वाचे ठरतात.

११ ते १६ वर्षे : दातांवर चिकटवलेल्या ब्रॅकेटमधून ओवलेल्या तारेच्या सौम्य दाबाने मुळाच्या एका बाजूचे हाड विरघळते, दुसऱ्या बाजूस नवे भरते आणि दात सरकतो. यास साधारण दीड ते दोन वर्षे लागतात व जवळपास दरमहा तपासणी करावी लागते. म्हणून मुरबाड तालुक्यातील धसईहून मुंबईच्या शासकीय किंवा नायर दंत महाविद्यालयात उपचार घेताना प्रवासखर्चही आधीच जमेस धरावा.

प्रौढपणी : वयाची अट नसली, तरी मिश्री-तंबाखूने दुखावलेल्या हिरड्यांवर आधी उपचार करावे लागतात. अलाइनर, म्हणजे काढता येणारे पारदर्शक साचे, दिवसाचे २० ते २२ तास घालावे लागतात. जबड्यातच मोठा दोष असल्यास, वाढ पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

उपचारानंतर : दात मूळ जागी परतू नयेत यासाठी रिटेनर, म्हणजे दात स्थिर ठेवणारी पट्टी, दीर्घकाळ वापरावी लागते.