युद्धात सगळं माफ असतं?

"प्रेमात आणि युद्धात सगळं माफ असतं!" कॉलेजच्या कट्ट्यावर हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की ते खरंच वाटायला लागतं. गेल्या दिवाळीत मामाकडे गेले होते, तेव्हा मीही ते ऐटीत फेकलं. मामा आर्मीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "अगं, सगळं माफ असतं तर आम्हाला ट्रेनिंगमध्ये जिनिव्हा कन्व्हेन्शन कशाला शिकवलं असतं? प्रेमाचं तुझं तू बघ, युद्धाचं मला नको सांगूस."

माझी बोलती बंद! मग सेमिस्टरच्या सुट्टीत याच विषयावर बरंच वाचलं. तेच तुमच्याशी शेअर करतेय. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी लिहिताना अजून थोडी झटापट होते. तेवढं सांभाळून घ्या.

सुरुवात १८५९ साली इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईपासून झाली. आंरी द्युनां नावाचा एक स्विस व्यापारी तिथे पोचला, तर हजारो जखमी सैनिक पाण्यावाचून तडफडत पडलेले. ते दृश्य त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्याच्या धडपडीतून रेडक्रॉस उभी राहिली आणि १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, आजचे चार जिनिव्हा करार झाले. आपल्या संसदेने त्यासाठी १९६० मध्ये कायदाही केला. १९७७ मध्ये त्याला पुरवण्या जोडल्या गेल्या. त्यातल्या पहिल्या पुरवणीवर भारताने सही केलेली नाही आणि अमेरिकेने सही करूनही तिला मंजुरी दिलेली नाही. पण तिच्यातले बरेचसे मूळ नियम आज प्रथा म्हणून सगळ्यांनाच लागू मानले जातात. सेनापतींना सल्ला द्यायला कायद्याचे जाणकार हवेत, हे याच पुरवणीच्या ८२व्या कलमात लिहिलंय. आपल्या आर्मीतही वकिलांची वेगळी शाखा आहे, जज अ‍ॅडव्होकेट जनरल, म्हणजेच 'जॅग'.

आता कायदा म्हटला की आपल्याला जाडजूड पुस्तकं आठवतात. पण गोळीबार चालू असताना पुस्तक कोण उघडणार? म्हणून मुद्दे मोजकेच आहेत. एक उदाहरण घेऊ. एका गावाच्या कडेला शत्रूचा दारूगोळ्याने भरलेला ट्रक उभा आहे. कमांडरला तो उडवायचाय. त्याला स्वतःला चार प्रश्न विचारावे लागतात.

पहिला, याची लष्करी गरज आहे का? म्हणजे ट्रक उडवून लढाईत खरंच काही फायदा होणार आहे, की नुसता राग काढायचाय?

दुसरा, हा ट्रक नक्की सैन्याचाच आहे का? सैनिक आणि सामान्य माणूस, छावणी आणि घर, यांत फरक करायलाच हवा. शंका असेल तर माणूस नागरिकच धरायचा.

तिसरा, प्रमाण. ट्रकच्या शेजारी चार घरं आहेत. नागरिकांचं जे नुकसान होईल असा अंदाज आहे, ते मिळणाऱ्या ठोस आणि थेट लष्करी फायद्याच्या मानाने अवाजवी आहे का? असेल तर हल्ला करायचा नाही. आपल्यासारख्यांना इथे लगेच फॉर्म्युला हवा असतो! पण एका ट्रकमागे इतकी माणसं चालतील असा कुठलाही तक्ता कायद्यात नाही. तोलून बघायचं ते माणसानेच.

चौथा, खबरदारी. नुकसान कमी करण्यासाठी जे जे शक्य आहे ते सगळं केलं का? इथे मात्र आपलं इंजिनिअरिंग येतं. मोठ्याऐवजी छोटा बॉम्ब वापरता येतो. फ्यूजला उशीर देऊन स्फोट जमिनीखाली करता येतो, म्हणजे तुकडे कमी उडतात. विमान कुठल्या दिशेने आणायचं ते बदलता येतं. लोक बाहेर नसतील अशी वेळ निवडता येते. शक्य असेल तर आधी इशारा देता येतो.

या सगळ्यात वकील काय करतो? एक गैरसमज आधी दूर करते. वकील 'परवानगी' देत नाही. तो सल्ला देतो, आणि निर्णय आणि जबाबदारी दोन्ही कमांडरची. मोठ्या मोहिमेत लक्ष्यांची यादी आधी तयार होते. प्रत्येक लक्ष्याची फाईल असते, नकाशे आणि फोटो असतात, किती नुकसान होईल याचा हिशोब असतो. वकील ते तपासतो आणि खोचक प्रश्न विचारतो. ही माहिती किती जुनी आहे? ही इमारत रात्रीही छावणीच असते का? शिवाय एक 'नो स्ट्राइक लिस्ट' असते. हॉस्पिटलं, शाळा, प्रार्थनास्थळं, म्हणजे जिथे हात लावायचा नाही अशा जागा. पण समोर अचानक काही दिसलं तर वेळ मिनिटांचा असतो, आणि तेव्हा खरी परीक्षा होते.

मग चूक झाली तर कमांडरला कशावरून जोखायचं? १९४८ मध्ये न्यूरेंबर्गला जनरल लोथार रेंडुलिक याच्या खटल्यात याचं उत्तर मिळालं. १९४४ मध्ये नॉर्वेच्या उत्तरेकडून माघार घेताना त्याने तिथला मुलूख जाळून टाकला होता. रशियन सैन्य पाठीवर आहे असं त्याला वाटत होतं, प्रत्यक्षात ते तसं आलंच नाही. न्यायालयाने त्याला या आरोपातून सोडलं. (दुसऱ्या गुन्ह्यांसाठी शिक्षा झालीच!) त्या क्षणी त्याच्याकडे काय माहिती होती आणि ती बघता त्याचा निर्णय प्रामाणिक होता का, एवढंच बघायचं. नंतर कळलेल्या गोष्टींवरून नाही. हे योग्यच वाटतं ना? मलाही वाटलं. मग मी कुंदुझबद्दल वाचलं.

३ ऑक्टोबर २०१५. अफगाणिस्तानातलं कुंदुझ शहर तालिबानने काही दिवसांपूर्वी घेतलं होतं आणि ते परत मिळवायची लढाई चालू होती. तिथे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेचं हॉस्पिटल होतं. संस्थेने आपले जीपीएस को-ऑर्डिनेट्स आधीच सगळ्या पक्षांना कळवले होते आणि ते नो स्ट्राइक लिस्टमध्येही होते. तरीही अमेरिकेच्या एसी-१३० विमानाने रात्री दोननंतर त्या हॉस्पिटलवर जवळजवळ अर्धा तास तोफा डागल्या. ४२ माणसं गेली. २४ पेशंट, १४ कर्मचारी आणि ४ नातेवाईक.

कसं झालं हे? अमेरिकी लष्कराने एप्रिल २०१६ मध्ये चौकशीचे निष्कर्ष जाहीर केले, त्यात क्रम दिलाय. विमान घाईत उडालं, नेहमीचं ब्रीफिंग झालं नाही, नो स्ट्राइक लिस्ट विमानात पोचलीच नाही. वाटेत एक संपर्क यंत्रणा बंद पडली. मिसाईलच्या भीतीने विमान नेहमीच्या वर्तुळापेक्षा लांब गेलं. तिथून खरे को-ऑर्डिनेट्स टाकले, तर कॅमेरा लक्ष्यापासून ३०० मीटरपेक्षा लांबच्या मोकळ्या मैदानावर गेला. मैदानाजवळ एक मोठी इमारत होती, वर्णनाशी जुळणारी. तेच हॉस्पिटल! नंतर विमान जवळ आल्यावर यंत्रणेने बरोबर जागा दाखवलीसुद्धा, पण क्रू वर्णनालाच चिकटून राहिला. गोळीबाराच्या मिनिटभर आधी त्यांनी मुख्यालयाला को-ऑर्डिनेट्स कळवले. मुख्यालयाकडे हॉस्पिटलचे को-ऑर्डिनेट्स होते. ते दोन आकडे एकच आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

१६ जणांवर प्रशासकीय कारवाई झाली, खटला कुणावरही चालला नाही. जाणूनबुजून केलं नाही म्हणून हा युद्धगुन्हा नाही, असं लष्कराचं म्हणणं. संस्थेला ते पटलं नाही, त्यांनी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय चौकशी मागितली. हॉस्पिटलचा वापर हल्ल्यासाठी होत असला तरीही आधी इशारा द्यावा लागतो, असं कायदा म्हणतो. इथे तर तसा इशाराही कुणाला मिळाला नाही.

हे वाचताना मला आमचं सर्व्हेचं प्रॅक्टिकल आठवलं. मी बॅकसाईट १.३४५ च्या जागी १.५४३ लिहिलं होतं. गंमत म्हणजे शेवटचा अरिथमेटिक चेक अगदी बरोबर जुळला! कारण तो फक्त बेरीज-वजाबाकी तपासतो, रीडिंग नाही. सरांनी परत बेंचमार्कवर जाऊन क्लोज करायला लावलं, तेव्हा कुठे ०.१९८ चा फरक दिसला. मला फक्त शीट परत करावी लागली. कुंदुझला परत बेंचमार्कवर जाऊन बघायला सांगणारं कुणीच नव्हतं.

मित्रांनो, आपल्यातले काही जण उद्या संरक्षण क्षेत्रात जातील. कॅमेरे, रडार, ड्रोनचं सॉफ्टवेअर बनवतील. कमांडरला त्या क्षणी 'काय माहिती होती' यावर कायदा त्याला जोखतो. पण ती माहिती स्क्रीनवर येते, आणि तो स्क्रीन आपण बनवलेला असतो. लक्ष्याचा आकडा टाकल्याबरोबर नो स्ट्राइक लिस्टशी आपोआप ताडून बघणं, हे आपल्यासाठी चार ओळींचं काम आहे. ते कुणीतरी आधी ठरवून करायला हवं, एवढंच.

मामांना फोन करून हे सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नियम सगळ्यांना पाठ असतात गं. घाईत ते आठवून देणारं कुणीतरी शेजारी लागतं."