प्रकरणे पाच, प्रबंध एक

पीएच.डी.चा प्रबंध सहसा एका फाइलमध्ये लिहिला जात नाही. एक प्रकरण घरच्या संगणकावर, दुसरे ग्रंथालयात, तिसरे मार्गदर्शकांनी दुरुस्त करून ई-मेलने परत पाठवलेले, अशी त्याची वाटचाल असते. ही सारी प्रकरणे एकत्र करण्याची वेळ बहुधा प्रबंध सादर करण्याच्या आदल्या रात्री येते. नेमक्या त्याच रात्री तळटिपांचे आकडे, पानांचे क्रमांक आणि कधीकधी खुद्द मराठी अक्षरेही दगा देतात.

एकेक फाइल उघडून संपूर्ण मजकूर कॉपी करायचा आणि नव्या फाइलमध्ये चिकटवायचा, हा सर्वपरिचित मार्ग. ‘वर्ड’मध्ये मात्र यासाठी स्वतंत्र सोय आहे. कर्सर योग्य जागी ठेवून ‘इन्सर्ट’मध्ये जावे आणि ‘ऑब्जेक्ट’शेजारच्या बाणावर टिचकी मारून ‘टेक्स्ट फ्रॉम फाइल’ निवडावे. वर्ड २००३ मध्ये हीच आज्ञा ‘इन्सर्ट’ मेनूत ‘फाइल’ या नावाने दिसत असे. मूळ फाइल जागच्या जागी अबाधित राहते. एकाच वेळी अनेक फाइल्स निवडता येतात, पण क्रम बिघडू नये म्हणून एकेक फाइल घेणेच श्रेयस्कर.

मराठी मजकुराचे दुखणे निराळे आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉण्टमध्ये टंकलेखन होत असे आणि त्या काळातील असंख्य फाइल्स आजही तशाच आहेत. या पद्धतीत संगणकाच्या लेखी अक्षरे रोमनच असतात. त्यांना देवनागरी रूप देतो तो केवळ फॉण्ट. दोन्ही फाइल्समध्ये ‘नॉर्मल’ या एकाच नावाची शैली असेल, तर यजमान फाइलमधील शैली ग्राह्य धरली जाते, पाहुण्या फाइलमधील नव्हे. परिणामी श्रीलिपीतले प्रकरण टाइम्स न्यू रोमनचा वेश धारण करते आणि पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटते. घाबरण्याचे कारण नाही. मजकूर नष्ट झालेला नसतो. तेवढा भाग निवडून मूळ फॉण्ट दिला की मराठी परतते. मधले इंग्रजी शब्द मात्र निवडीतून वगळावेत, अन्यथा त्यांची भलतीच देवनागरी होते. प्रकरणे जोडण्यापूर्वीच जुन्या फाइल्सचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घेणे हा खरा उपाय. त्यानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेच लागतात.

प्रत्येक प्रकरणाचे शीर्षक पानाच्या माथ्यावर हवे असल्यास जोडण्याआधी त्या त्या फाइलच्या शेवटी ‘सेक्शन ब्रेक’ द्यावा. तो नसेल, तर शेवटच्या भागाची शीर्षपट्टी मजकुरासोबत येत नाही. तळटिपांचे क्रमांक आपोआप सलग होतात. प्रत्येक प्रकरणात ते १ पासून हवे असतील, तर ‘रिस्टार्ट ईच सेक्शन’ हा पर्याय निवडावा. हाताने टंकलेल्या क्रमांकांना हे भाग्य लाभत नाही. ते एकेक करून सुधारावे लागतात, आणि आदल्या रात्रीचा बराचसा वेळ त्यातच जातो.

मार्गदर्शकांच्या लाल दुरुस्त्या जोडण्यापूर्वीच स्वीकारून किंवा नाकारून टाकाव्यात. अनुक्रमणिकेचे काम सर्वांत शेवटी. ती आधीच तयार असेल, तर तीवर कर्सर ठेवून एफ-९ ही कळ दाबली की पृष्ठक्रमांक नव्याने भरले जातात.