चिदंबरमचा नवरसू

गोविंदपुरम्‌ला विठ्ठलाच्या दर्शनाला गेलं, की पुढे चिदंबरमही होतंच. पण लेक मेडिकलला लागल्यापासून तिथे मला नटराजाआधी पोन नवरसू आठवतो. तिथल्याच अण्णामलै विद्यापीठात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला असलेला हा पोरगा नोव्हेंबर १९९६ मध्ये रॅगिंगमध्ये मारला गेला. सीनिअर जॉन डेव्हिडला १९९८ मध्ये कडलूरच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, २००१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सोडलं आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. एवढी वर्षं आईबापांनी कशी काढली असतील! तमिळनाडूने १९९७ मध्ये रॅगिंगबंदीचा कायदा केला, महाराष्ट्राने १९९९ मध्ये. आपल्या कायद्यात तक्रारीची ७ दिवसांत चौकशी करावी लागते. ती टाळणारा प्राचार्यही गुन्ह्याला साथ देणारा ठरतो. लेकीला हे कलम मी पाठ करायला लावलंय.