जीवितकार्य कसें ओळखावें ?

शाळेच्या शेवटच्या वर्षीं प्रत्येक विद्यार्थ्यास एक प्रश्न हटकून विचारला जातो : पुढें काय करणार ? विचारणारास बहुधा एकाद्या नोकरीचें किंवा अभ्यासक्रमाचें नांव ऐकावयाचें असतें. परंतु प्रश्नाचा अर्थ याहून खोल आहे. उदरनिर्वाहाचा उद्योग निराळा, आणि ज्यांत आपल्या साऱ्या शक्तींचा विनियोग होईल असें कार्य निराळें. दोन्ही एकत्र लाभलीं तर तें भाग्यच होय. पण पुष्कळांस तीं एकत्र लाभत नाहींत, व दुसऱ्याच्या शोधांत आयुष्याचा मोठा भाग निघून जातो. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरांत ‘पाचारण’ असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. ईश्वर मनुष्यास हांक मारतो, हा त्याचा भाव. ही हांक ओळखावयाची कशी, एवढाच येथें विचार कर्तव्य आहे.

या बाबतींत दोन समजुती सर्वत्र आढळतात. एक अशी कीं, खरा कलावंत बाळपणींच आपला मार्ग जाणतो. ज्यास सोळाव्या वर्षीं तो दिसला नाहीं, त्यास तो कधींच दिसणार नाहीं. दुसरी अशी कीं, ज्याची आवड वाटते तेंच आपलें कार्य. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत, हें कै. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांच्या चरित्रावरून स्पष्ट दिसतें.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान असून, पुढें मुंबईस विल्सन कॉलेज या मिशनच्या संस्थेंत ते संस्कृत शिकवीत. मुलगा मात्र पोथ्यांत रमला नाहीं. १८८५ सालीं तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाला, व पुढें बडोद्याच्या कलाभवनांत गेला. तेथपासून त्यानें काय केलें नाहीं ? चित्रें काढलीं, छायाचित्रणाचा धंदा केला, जादूचे प्रयोग शिकला. पुराणवस्तु-संशोधन खात्यांत नोकरी धरली आणि सोडली. मग छापखाना काढून रंगीत चित्रांची छपाई केली, व त्या कलेंतील नवीन यंत्रें पाहण्यासाठीं जर्मनीपर्यंत प्रवास केला. शेवटीं भागीदारांशीं न पटल्यामुळें तोहि छापखाना सोडला. चाळिशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या या गृहस्थास त्या वेळीं एकाद्या व्यवहारी मनुष्यानें पाहिलें असतें, तर ‘धरसोड वृत्तीचा’ याखेरीज दुसरें विशेषण त्यास सुचलें नसतें.

१९११ च्या सुमारास मुंबईंत एका तंबूंतील चित्रपटगृहांत त्यांनीं येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक मूकपट पाहिला. पुढें १९१७ सालीं ‘नवयुग’ मासिकांत त्यांनीं स्वतःच लिहिलें आहे कीं, ख्रिस्ताचें चरित्र डोळ्यांपुढून जात असतां त्यांच्या मनश्चक्षूंस श्रीकृष्ण, श्रीरामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या हीं दिसत होतीं. त्याच तंबूंत त्या दिवशीं शेंकडों प्रेक्षक बसले होते; चित्र सर्वांनीं पाहिलें, पण हांक एकासच ऐकूं आली. याचें कारण त्याच्या पूर्वायुष्यांत आहे. चित्रकलेनें दृष्टि दिली होती, छायाचित्रणानें भिंग व रसायनें यांचें ज्ञान दिलें होतें, छापखान्यानें यंत्राशीं परिचय करून दिला होता, आणि जादूनें प्रेक्षकांचें विस्मयानें भरलेलें मुख दाखविलें होतें. विखुरलेल्या या सर्व विद्या एका क्षणीं एकत्र आल्या. जीवितकार्याची पहिली खूण हीच, कीं त्यांत आपण पूर्वीं शिकलेलें कांहींच वायां जात नाहीं.

दुसरी खूण परिश्रमाची. चित्रपट पाहून भारावून जाणें सोपें; त्यानंतर काय केलें तें महत्त्वाचें. फाळके यांनीं फिल्मच्या तुकड्यांवर प्रयोग आरंभिले. रोज तासन् तास चित्रपट पाहणें आणि रात्रीं जागरणें, असा क्रम महिनोन् महिने चालला. त्याचा परिणाम असा झाला कीं, डोळे बिघडून कांहीं काळ त्यांस दिसेनासें झालें. उपचारांनीं दृष्टि परत आली. परंतु तीव्रता आणि अविचार यांच्यामधील सीमारेषा किती सूक्ष्म आहे, हें या प्रसंगावरून तरुणांनीं अवश्य ध्यानांत घ्यावें.

यानंतर आयुष्याच्या विम्याचे कागद तारण ठेवून त्यांनीं कर्ज काढलें, आणि १९१२ च्या आरंभीं ते लंडनला गेले. तेथें ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनीं प्रथम त्यांस या धंद्यांतील धोके सांगितले. फाळके डगमगत नाहींत असें पाहून त्यांनीं सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशीं त्यांची गांठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या चित्रगृहांत सर्व कृति डोळ्यांनीं पाहून व विल्यमसन कॅमेरा खरेदी करून फाळके परतले.

परंतु पैसा कोण देणार ? त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला, आणि कॅमेरा रोखून त्याच्या वाढीचीं चित्रें रोज थोडथोडीं घेतलीं. तीं सलग दाखवितांच, दाण्यांतून अंकुर फुटून पाहतां पाहतां त्याचा वेल झाला ! हें पाहून पैसा पुरविणारास विश्वास आला. मोठ्या योजनेचा डांगोरा न पिटतां तिचा लहानसा पण सिद्ध नमुना पुढें ठेवावा, हा धडा प्रत्येक कलावंतानें गिरविण्यासारखा आहे.

मग ‘राजा हरिश्चंद्र’ हातीं घेतला. कोरी फिल्म विनाछिद्र येत असे. तिच्या दोन्ही कडांस अंधारांत बसून भोकें पाडावीं लागत. हें कंटाळवाणें काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. शिवाय फिल्म धुण्यास त्या मदत करीत, कंपनींतील साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत, आणि त्यांनीं अंगावरील दागिनेहि कार्यासाठीं दिले. तारामतीचें काम करण्यास एकहि स्त्री मिळेना, तेव्हां एका उपाहारगृहांत स्वयंपाक्याचें काम करणारे अण्णा साळुंके यांस ती भूमिका दिली. रोहिदासास चित्रांत मरावयाचें असल्यामुळें कोणी आपला मुलगा देईना. तेव्हां फाळके यांनीं आपल्याच पुत्रास, भालचंद्रास, उभें केलें. असें हें ३,७०० फूट लांबीचें चित्र ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कोरोनेशन चित्रपटगृहांत लोकांपुढें आलें, आणि भारतीय चित्रपटाची मुहूर्तमेढ रोवली गेली. इतिहासानें फाळके यांचें नांव मोठ्या अक्षरांत लिहिलें. पण अंधारांत भोकें पाडणारे हातहि त्या कार्याचे तितकेच धनी होत, आणि आपल्या पाचारणाचा भार घरांतील कोण कोण वाहत आहे, हें पाहणें कलावंताचें कर्तव्यच आहे.

एवढें झाल्यावर कीर्ति व संपत्ति कायमची पदरीं पडली असेल, असें कोणास वाटेल. तसें झालें नाहीं. ‘लंकादहन’, ‘कालियामर्दन’ या चित्रांनीं मोठें यश दिलें खरें. पण पुढें बोलपट आले आणि काळ बदलला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट शेवटचाच ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें ते वारले, तेव्हां चित्रसृष्टीस त्यांचें फारसें स्मरण राहिलें नव्हतें. त्यांच्या नांवाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून देण्यांत येऊं लागला. तात्पर्य, पाचारण म्हणजे वैभवाची हमी नव्हे. ‘यांतून काय मिळेल ?’ या प्रश्नाचें उत्तर प्रतिकूल आलें तरी जें कार्य सोडवत नाहीं, तेंच आपलें.

धन्यानें सोंपविलेलें द्रव्य भीतीनें जमिनींत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. त्या दासानें चोरी केली नाहीं कीं उधळपट्टी केली नाहीं. त्यानें केवळ कांहीं केलें नाहीं, आणि तेवढाच त्याचा अपराध ठरला. विद्यार्थी मित्रहो, ज्यास आपलें जीवितकार्य आज दिसत नसेल त्यानें खिन्न होऊं नये. फाळके यांसहि तें चाळिशीपर्यंत दिसलें नव्हतें. मात्र तोंपर्यंत ते स्वस्थ बसले नव्हते. चित्रकलेचा तास असो, सुतारकाम असो, प्रयोगशाळा असो वा निबंधाची वही असो, जें काम हातीं येईल तें पुरतेपणीं शिकावें. कोणती विद्या कोठें उपयोगी पडेल हें आज सांगतां येत नाहीं. परंतु हांक येईल त्या दिवशीं हात रिकामे नसावेत, एवढी तजवीज मात्र शाळेंतच करतां येते.